पंपहेड : दोष यंत्राचा, की तुलनाच राहून गेली?

माझ्या मामांचं बायपास झालं. जखम भरली, फिरणं सुरू झालं. पण तोंडी हिशोबात पक्के असलेले मामा महिन्याच्या दुधाच्या बिलाला दोनदा अडखळले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू सायन्सवाला ना रे? त्या मशीननं माझं डोकं बिघडवलं का?" उत्तरासाठी मी जुने पेपर काढून बसलो. त्यात संशोधन करू पाहणाऱ्या तुमच्यासाठीही एक धडा सापडला.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन लावून एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. सुमारे २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम यंत्राने केलं. पुढे अशी ऑपरेशनं वाढली, तशा काही पेशंटच्या तक्रारीही येऊ लागल्या : नावं आठवत नाहीत, वाचताना लक्ष लागत नाही. याला टोपणनाव पडलं 'पंपहेड'. म्हणजे नाव देतानाच आरोपी ठरला! संशय अगदी निराधार नव्हता. यंत्रातून परतणाऱ्या रक्तासोबत हवेचे बुडबुडे आणि चरबीचे कण मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

२००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २६१ बायपास पेशंटचा अभ्यास छापला. डिस्चार्जच्या वेळी ५३ टक्के लोकांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी घसरलेली होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं, पण पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के झालं.

आता इथे थांबा आणि विचार करा : या अभ्यासात काय नाही?

कंट्रोल ग्रुप. तेवढ्याच वयाच्या, तोच आजार असलेल्या पण ऑपरेशन न झालेल्या माणसांचं पाच वर्षांत काय झालं असतं?

नेदरलँड्समधल्या 'ऑक्टोपस' अभ्यासात २८१ पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले होते. एका गटाचं बायपास पंप लावून झालं, दुसऱ्याचं पंपाशिवाय. पाच वर्षांनी दोन्ही गटांत जवळपास निम्म्या लोकांची घसरण दिसली. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने तर ऑपरेशन न झालेले हृदयरोगीच तुलनेला घेतले. सहा वर्षांनंतरही दोघांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे दीर्घकाळच्या घसरणीत वय आणि रक्तवाहिन्यांचा मूळ आजार यांचा वाटा मोठा असावा.

मग सुरुवातीचा त्रास खोटा का? मुळीच नाही. १९५५ मध्येच बेडफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की भूल दिल्यानंतर काही वृद्धांची बुद्धी पूर्वीसारखी राहत नाही, आणि तो लेख फक्त हृदयाच्या ऑपरेशनांबद्दल नव्हता. २०१८ मध्ये नवी नावं सुचवली गेली, त्यांतही पंप नाही.

मामांना मी सांगितलं, "त्रास खरा आहे, बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतो. पण डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि बीपीच्या गोळ्या चुकवू नका." आता ते खिशात छोटी वही ठेवतात, एका वेळी एकच काम घेतात, आणि बिलाची बेरीज मामी पुन्हा तपासते.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने आखाल. त्यांच्या शेजारी तिसराही आखा : ज्यांना काहीच केलं नाही, त्यांचा.