जैवमाहितीशास्त्राची संगणक प्रयोगशाळा : पुण्यापासून एकलहऱ्यापर्यंत

जैवमाहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याची पहिली परीक्षा विषयाची नसते, संगणकाची असते. डीएनएचा किंवा प्रथिनाचा एकही अनुक्रम तपासण्याआधी कार्यप्रणाली, प्रोग्रॅमिंगची भाषा, शोधसाधने आणि माहितीचे साठे एकमेकांशी जमतील अशा बेताने बसवावे लागतात. पाठ्यपुस्तके या तयारीला क्वचितच जागा देतात. प्रात्यक्षिकाचे पहिले दोन-तीन तास मात्र तीच खाते, आणि विषयावर विद्यार्थ्याचे मन बसते की उडते, हेही बरेचसे तिथेच ठरते.

महाराष्ट्रात या तयारीची सुरुवात पुणे विद्यापीठात झाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 1986-87 च्या सुमारास देशभर जैवतंत्रज्ञान माहिती केंद्रांचे जाळे उभारायला घेतले. त्यातले एक केंद्र 1987 मध्ये पुणे विद्यापीठात सुरू झाले. अशोक कोळस्कर यांनी ते वाढवले. पुढे कोळस्कर याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या काळी जगभरचे अनुक्रमांचे साठे चुंबकीय फिती आणि फ्लॉपींवर येत, नंतर सीडीवर येऊ लागले. नवी आवृत्ती हाती पडेपर्यंत जुनीवरच काम भागवावे लागे. यंत्रांची स्मृतीही तोकडी होती. म्हणून लहान संगणकात मावेल असे साधन मोलाचे ठरे. अनेक अनुक्रम एकाखाली एक जुळवणारे ‘क्लस्टल’ 1988 मध्ये डब्लिनमध्ये लिहिले गेले, ते मुद्दाम लहान संगणकांसाठीच. कोळस्कर आणि टोणगावकर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धतही याच काळातली. प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडांना ओळखू येईल, याचा अंदाज ती अमिनो आम्लांच्या वारंवारतेवरून सुमारे 75 टक्के अचूकतेने बांधते. तिला महासंगणक लागत नाही. लस संशोधनात ती आजही वापरात आहे, आणि मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे हे काम आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी खुले झाले. तोवर शिक्षणसंस्थांना ‘अर्नेट’ किंवा ‘निकनेट’ या सरकारी संगणक-जाळ्यांचाच आधार होता. 1990 मध्ये आलेल्या ‘ब्लास्ट’ या शोधसाधनाकडे सुरुवातीच्या वर्षांत ई-मेलनेही अनुक्रम पाठवता येई आणि उत्तरही ई-मेलनेच येई. वेबपाने आल्यावर बसवण्याचा भार काही काळ हलका झाला, कारण साधन परदेशातल्या सर्व्हरवर आणि समोर फक्त ब्राउझर. पण वर्गातल्या सर्वांनी एकदम शोध सुरू केला की मंद जोडणी अडकून पडे. त्यामुळे साधने पुन्हा स्थानिक संगणकावर आणणे भाग पडले. ती बहुतेक युनिक्सच्या वळणाची होती, आणि इथून त्याच वळणाचे मुक्त लिनक्स अभ्यासक्रमात शिरले.

2005 ते 2011 या काळात ‘उबुंटू’ या लिनक्स-प्रकाराच्या सीडी मागवल्यास टपालाने घरपोच फुकट येत. ज्या गावात सातशे एमबीची फाइल उतरवायला रात्र लागे, तिथे त्या पाकिटाची किंमत मोठी होती. ब्रिटनमधून आलेल्या ‘बायो-लिनक्स’ने एक पाऊल पुढे टाकले: जैवमाहितीची शेकडो साधने आधीच भरलेली कार्यप्रणाली डीव्हीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून थेट चालू करता येई, प्रयोगशाळेतल्या विंडोजला धक्का न लावता. हीच वर्षे महाराष्ट्रात तीव्र भारनियमनाचीही होती. अर्धवट बसलेले पॅकेज वीज गेल्यावर बिघडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बॅटरी बॅकअप हादेखील सॉफ्टवेअरच्या तयारीचाच भाग होता.

पुण्याबाहेरचे एक उदाहरण म्हणजे नाशिक रोडजवळचे एकलहरे. ते राज्याला माहीत आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळे. याच एकलहऱ्यात मातोश्री शिक्षण संस्थेची अभियांत्रिकी आणि औषधनिर्माण महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांत जैवमाहितीशास्त्र दोन वाटांनी पोहोचते. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राच्या ‘औषधनिर्माणशास्त्रातील संगणक उपयोजन’ या विषयात त्याचे एक प्रकरण आहे: जैविक माहितीचे साठे आणि लस शोधण्यातला त्यांचा उपयोग. दुसरी वाट संगणक अभियांत्रिकीची. पुणे विद्यापीठाच्या त्या शाखेच्या प्रात्यक्षिकांसाठी 64-बिट मुक्त लिनक्सची शिफारस झालेली आहे. म्हणजे एकीकडे विषय आहे पण लिनक्सची सवय नाही, आणि दुसरीकडे लिनक्स आहे पण जीवशास्त्र नाही. एकाच आवारातल्या या दोन प्रयोगशाळांनी एकमेकींना हात दिला, तर निम्मी अडचण तिथेच संपते.

उरलेली अडचण आवृत्त्यांची. ‘पायथन 2’ या प्रोग्रॅमिंग भाषेचा आधार 1 जानेवारी 2020 रोजी थांबला, आणि जुन्या प्रयोगवहीतल्या आज्ञा नव्या यंत्रावर चालेनाशा झाल्या. एका साधनाला एखाद्या सॉफ्टवेअर लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी असते, दुसऱ्याला नवी. यावर 2012 मध्ये आलेल्या ‘कोंडा’ने उपाय दिला. प्रत्येक कामासाठी संगणकात वेगळे, कुंपण घातलेले वातावरण उभे करायचे, आणि त्यातल्या पॅकेजांची नावे व आवृत्त्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. ‘बायोकोंडा’ने हजारो जैविक साधने या पद्धतीत आणली. यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही, ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय. बायोकोंडाची पॅकेजे विंडोजवर थेट चालत नाहीत. मात्र 2016 पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येऊ लागल्याने तीही वाट मोकळी झाली. 2020 मध्ये कोंडामागच्या ‘अ‍ॅनाकोंडा’ कंपनीने मोठ्या संस्थांतील वापरासाठी परवान्याच्या अटी बदलल्या. तेव्हापासून अनेक ठिकाणी ‘कोंडा-फोर्ज’ या समुदायाने चालवलेल्या भांडारावर आधारलेले ‘मिनिफोर्ज’ पसंत केले जाते.

कोरोनाच्या टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद पडल्या तेव्हा गुगल कोलॅब आणि ‘गॅलक्सी’ या ब्राउझरमधून चालणाऱ्या मंचांनी वर्ग चालू ठेवले. गॅलक्सीवर आज्ञा टाइप न करताही विश्लेषण करता येते. कोलॅबवर मात्र सत्र संपले की बसवलेली पॅकेजे पुसली जातात आणि पुढच्या तासाला पुन्हा बसवावी लागतात. जोडणी तुटली की दोन्ही निरुपयोगी. त्यामुळे महाविद्यालयाच्या आवारात साधनांची आणि साठ्यांची एक स्थानिक प्रत असणे आजही शहाणपणाचे आहे. स्विस-प्रॉटसारखा निवडक प्रथिनांचा साठा साध्या पीसीवर सहज मावतो. न्यूक्लिओटाइडांचा संपूर्ण साठा फारच मोठा असल्याने तो उतरवण्याच्या फंदात पडू नये.

लिनक्सचे प्राथमिक धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठीत फुकट उपलब्ध केले आहेत. सत्र सुरू होण्याआधी विभागांनी ते विद्यार्थ्यांना दाखवावेत, कोंडाच्या वातावरणाची फाइल एकदा कोऱ्या संगणकावर चालवून पाहावी आणि बसवण्याच्या पायऱ्या मराठीत प्रयोगवहीच्या पहिल्याच पानावर छापाव्यात.