बोस्टनची चावडी

गावाचं भलंबुरं ठरवायला आपल्याकडं चावडी, तसं अमेरिकेत इंग्रजी अमलात ‘मीटिंग हाऊस’ असायचं. रविवारी प्रार्थना आणि अडीअडचणीला सभा, दोन्ही एकाच छपराखाली. बोस्टन शहरातलं ‘ओल्ड साउथ मीटिंग हाऊस’ त्यातलंच. 1729 साली बांधलेलं, विटांचं, उंच मनोऱ्याचं. मुलगा तिकडं नोकरीला आहे, म्हणून मला ते बघायला मिळालं.

16 डिसेंबर 1773 ला तिथं सुमारे 5000 माणूस जमलं होतं. तंटा चहाचा. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडालेली, गोदामं चहानं भरलेली. विलायतेच्या पार्लमेंटनं तिला तो चहा तिकडं थेट विकायची मोकळीक दिली, पण चहावरचा कर तसाच ठेवला. जिथं आपला एकही माणूस बसत नाही, त्या पार्लमेंटचा कर आम्ही का भरावा, असं लोकांचं म्हणणं. गव्हर्नर जहाजं माघारी जाऊ देईना. त्या रात्री तीन जहाजांवरच्या चहाच्या 342 पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या.

त्याच साली, 30 ऑगस्टला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि पुढं राघोबादादा मदतीसाठी याच कंपनीच्या दारात गेले. तिकडं लोकांनी कंपनीचा माल बुडवला. इकडं आपण तिला घराच्या भांडणात पंच केलं.

1775 मध्ये इंग्रज फौजेनं त्या वास्तूतली बाकडी मोडून जाळली, आत माती पसरून घोडे फिरवले. तरी ती टिकली. 1872 च्या मोठ्या आगीतूनही वाचली. मग प्रार्थनेची मंडळी नव्या चर्चमध्ये गेली, आणि 1876 ला इमारत लिलावात निघाली. जागा सोडून नुसता मालमसाला, 1350 डॉलरला! पाडायचं काम सुरूही झालं होतं. तेव्हा बाया पुढं सरल्या. 20 जणींनी मिळून इमारत विकत घेतली. जागेसाठी 4 लाख डॉलर लागणार होते. त्यातले 1 लाख मेरी हेमेनवे या एकट्या बाईंनी दिले. 1877 पासून तिथं संग्रहालय आहे.

आमच्या गावची दगडी चावडी पाडून सिमेंटचं सभागृह झालं. सागवानी तुळया मोडीच्या भावात गेल्या. पाडायचं ठरलं, तेव्हा एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं.

ज्यांच्या गावात चावडी अजून उभी आहे, त्यांनी पावसाळ्याआधी तिची कौलं तेवढी चाळून घ्यावीत. वास्तू आधी गळते, मग पडते.