दिनविशेष : १४ जून
शकिराची विश्वयात्रा (२००६)

कोलंबियाची पॉप गायिका शकिरा हिच्या ‘ओरल फिक्सेशन’ या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १४ जून २००६ रोजी स्पेनमधील सारागोसा शहरात झाला. आदल्याच वर्षी तिने दोन जोडअल्बम काढले होते : जूनमध्ये स्पॅनिश आणि नोव्हेंबरमध्ये इंग्रजी. दौऱ्याचे नाव त्यांवरूनच घेतले होते. रॅपर वायक्लेफ जाँसोबत गायलेले ‘हिप्स डोन्ट लाय’ याच सुमारास अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते.

बारांकिया या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या शहरात १९७७ मध्ये जन्मलेल्या शकिराचे वडील लेबनीज वंशाचे. त्यामुळे कुंबिया हे कोलंबियन लोकसंगीत आणि रॉक यांच्या जोडीने तिच्या रंगमंचावर अरबी ठेका आणि बेली डान्सही हक्काने आला. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात तिने ‘हिप्स डोन्ट लाय’ या गाण्याला हिंदी सिनेमाचा साज चढवला. नृत्यदिग्दर्शन होते मुंबईच्या फराह खान यांचे. पुढे मार्च २००७ मध्ये हा दौरा खुद्द मुंबईत आला.

२७ मे २००७ रोजी मेक्सिको सिटीच्या झोकालो चौकात झालेल्या विनामूल्य कार्यक्रमाला दोन लाखांहून अधिक श्रोते जमले. ९ जुलै २००७ रोजी इस्तंबूलमध्ये दौऱ्याची सांगता झाली. युरोप, अमेरिका, आशिया आणि आफ्रिका अशा खंडांत फिरलेल्या या दौऱ्याने स्पॅनिश गाणी इंग्रजी गाण्यांच्या बरोबरीने जगभरच्या मंचांवर नेली.