फिनेलची बादली आणि पोटुशी बाई

माझ्या पाठचा भाऊ पोटात होता तेव्हा माय एका कॉलनीत धुणीभांडी करी, लाद्या पुसे, संडास-मोऱ्या घाशी. त्याच घरच्या मालकिणीलाही तेव्हा दिवस होते. उग्र वासाची औषधे हाताळू नका, असे डॉक्टरांनी मालकिणीला बजावले होते. तो सल्ला तिने तंतोतंत पाळला. ॲसिडची बाटली मायच्या हातात देऊन ती म्हणाली, "मला वास सोसत नाही ग, आता तूच घासत जा." मायला सातवा चालू होता. ही हकीकत माय पुढे हसत हसत सांगे. मला मात्र तिच्यात एक संपूर्ण इतिहास दडलेला दिसतो. तो कुणी लिहिला नाही, कारण बादली ज्यांच्या हातात होती त्यांच्या हातात लेखणी नव्हती.

जंतुनाशकाचा इतिहास पाहू. 1820 च्या सुमारास पॅरिसमध्ये जनावरांच्या आतड्यांपासून तात वळण्याचे कारखाने होते. त्यांची दुर्गंधी असह्य असे. ती घालविण्याच्या उपायासाठी तेथे बक्षीस लावण्यात आले, आणि लाबाराक नावाच्या औषधनिर्मात्याने क्लोरीनयुक्त द्रावण वापरून ते मिळविले. आजच्या ब्लीचचे कूळ तेथे सापडते. दुर्गंधी येते म्हणून त्या समाजाने औषध शोधले. आपल्याकडे दुर्गंधी येते म्हणून माणूसच गावकुसाबाहेर काढला. मेलेले ढोर ओढणाऱ्याच्या, कातडे कमावणाऱ्याच्या हाताला औषध लावावे असे येथल्या पंडितांना सुचले नाही. त्यांनी त्या हाताला विटाळ चिकटवला.

पुढे 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टराच्या ध्यानात एक गोष्ट आली. सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी अधिक मरत होत्या. डॉक्टर प्रेते चिरून थेट बाळंतिणीकडे येत. त्याने त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, त्या उन्हाळ्यात सुमारे दोनच दगावू लागल्या. त्यानंतर कार्लाइल शहराच्या सांडपाण्यावर कार्बोलिक ॲसिडचा उपयोग होतो हे ऐकून लिस्टरने ते शस्त्रक्रियेत आणले आणि 1867 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे ब्लीचच्या आणि फिनेलच्या या इतिहासात गटार आहे, आतडी आहेत आणि मरणाऱ्या बाळंतिणीही आहेत. बाईचे बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून ज्याने आपले सामर्थ्य सिद्ध केले, तेच औषध आज दुसऱ्या पोटुशी बाईच्या माथी मारले जाते.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? 1855 साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिने अनुभवाने सांगितले. कित्येक गावांत सवर्णांची बाळंतपणे मांगिणीनेच केली. नाळ कापायला ती चालत होती, नंतर तिचा स्पर्श चालत नव्हता. आणि 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आमच्या माणसांनी प्याल्यावर ते 108 घागरी पंचगव्य ओतून 'शुद्ध' करण्यात आले. शेणमुताने पाणी स्वच्छ होत नाही हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही. पण शुद्धी आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्धी त्यांनी स्वतःकडे ठेवली, स्वच्छता आमच्याकडे दिली.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. खिडक्या उघड्या असतील, हातमोजे असतील, द्रावण पातळ असेल आणि काम थोडा वेळ असेल, तर गरोदरपणी नेहमीच्या साफसफाईने सहसा अपाय होत नाही. मात्र ब्लीचमध्ये संडासचे ॲसिड मिसळले की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया मिसळला की तितकाच घातक वायू तयार होतो. फिनॉल कातडीतूनही शरीरात शिरते. डांबराच्या गोळ्यांतले नॅप्थलीन गर्भापर्यंत पोचू शकते. इंग्लंडातल्या ॲव्हन भागात 1991-92 च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो बायकांच्या मुलांचा अभ्यास झाला. 2005 साली त्याचे निष्कर्ष आले: ज्या घरांत ही रसायने फार वापरली गेली, तेथल्या मुलांत छातीतून घरघर होण्याचे प्रमाण अधिक आढळले. एकामुळेच दुसरे झाले असे एवढ्याने सिद्ध होत नाही. पण सावधगिरीला एवढे पुरे आहे.

ही सावधगिरी कुणाला शक्य आहे? वरच्या सगळ्या 'तर' पुन्हा वाचा. मायला खिडकी नव्हती, मोजे नव्हते, बाटलीवरचे अक्षर वाचता येत नव्हते. आणि ते एक घर नव्हते. दिवसाला पाच घरे होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. मजूर खाते सांभाळताना 1943 साली खाणीतल्या बायकांच्या प्रसूती कायद्याची दुरुस्तीही त्यांनीच मांडली. 1961 च्या कायद्याने तर, बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात बाईने मागणी केल्यास तिला कष्टाचे काम देऊ नये, असेही म्हटले. 2017 साली रजा 26 आठवड्यांची झाली. पण हे कायदे कारखाना, खाण, मळा, दुकान ओळखतात. मालकिणीची मोरी त्यांच्या हिशेबात नाही. 2008 साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा करून बाळंतपणाच्या साहाय्याची तरतूद केली, हे खरे. परंतु साहाय्य म्हणजे पैसे. सातव्या महिन्यात ॲसिडला 'नाही' म्हणण्याचा आणि तरीही काम टिकण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे.

माझा भाऊ धडधाकट निघाला. म्हणून प्रश्न मिटला, असे कुणी म्हणेल. मिटला नाही. मालकिणीच्या पोटातले मूल सांभाळण्यासाठी मायच्या पोटातले मूल पणाला लावले गेले, आणि त्यात काही वावगे आहे असे त्या घरात कुणालाही वाटले नाही, मायलाही नाही. हे न वाटणे हीच जात आहे. फिनेलच्या बादलीने ती धुतली जाणार नाही. जो वास एका पोटुशी बाईला सोसवत नाही, तो दुसरीलाही सोसायला लावू नये, एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहून घ्यावी लागेल, आणि ती आपल्या बायांनीच लिहून घ्यावी लागेल.