मालेगावच्या सुपरमॅनचा लोंबणारा नाडा

काही विनोद ऐकणाऱ्याला आधी काहीतरी माहीत असेल तरच कळतात. २०१८ साली आलेला 'डेडपूल २' हा अशा विनोदांचा ढीग आहे. त्यात केबलचं काम करणारा जॉश ब्रोलिन त्याच वर्षी 'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'मध्ये थॅनॉस झाला होता. म्हणून डेडपूल त्याला थॅनॉस म्हणून डिवचतो. दुसरा सिनेमा न पाहिलेल्याला ते नुसतंच एक विचित्र नाव. हिंदी आवृत्तीत डेडपूलला रणवीर सिंगने आवाज दिला आणि तिथे बॉलिवूडचे संदर्भ घालावे लागले. अशा विनोदाचं भाषांतर होत नाही, त्याला नव्या गावात नवं घर शोधून द्यावं लागतं.

हे काही हॉलिवूडचं संशोधन नव्हे. उर्दू शायरीत याला 'तलमीह' म्हणतात. शेरात 'कोहकन' एवढाच शब्द आला की वाचकाला फरहाद, शीरीं आणि तो डोंगर आठवतो. तमाशातल्या गवळणीत पेंद्या आला की प्रेक्षक आधीच हसायला लागतात, कारण कृष्णाची गोष्ट सगळ्यांच्या घरातली असते. लखनौत १८७७ साली निघालेला 'अवध पंच' आणि १९२५ साली आलेली अत्र्यांची 'झेंडूची फुले' याच वाटेवरची. ज्यांची थट्टा केली आहे, ते कवी वाचलेले नसतील तर अत्र्यांचं निम्मं हसू हातून निसटतं.

आता सुपरहिरोकडे येऊ. महाराष्ट्रात तो आला मालेगावात.

१८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी मोसम नदीकाठच्या या गावात माग थाटले. पुढे यंत्रमाग आले. शुक्रवारी माग बंद, नमाज झाली की सिनेमा, हा इथल्या कामगाराचा ठरलेला दिवस. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली अवघ्या पन्नास हजारांच्या आसपास 'मालेगाव के शोले' काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले, बसंतीची बासमती झाली. प्रेक्षकाला मूळ 'शोले' तोंडपाठ, त्यामुळे सायकल दिसताक्षणी हशा.

त्यानंतर 'मालेगाव का सुपरमॅन'. शफीक शेख हा यंत्रमागावरचा काटकुळा कामगार सुपरमॅन झाला. अंगात तोच निळा-लाल पोशाख, पण चड्डीचा नाडा बाहेर लोंबतोय. कॅमेरा हलवायला सायकल आणि बैलगाडी. उडण्याच्या दृश्यासाठी हिरवं कापड. खलनायक असा, की त्याचं प्रेम घाणीवर. हे सगळं फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपून ठेवलंय. २०२५ साली त्याच माणसांवर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात आला.

आम्हा कोल्हापूरकरांना या जुगाडाचं नवल वाटू नये. बाबूराव पेंटर यांनी इथेच स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्याही प्रेक्षकाला कीचकाची ओळख करून द्यावी लागली नाही.

पण दोन विनोदांत एक फरक आहे. डेडपूल स्वतःच्याच धंद्याची थट्टा करतो, तीही कोट्यवधी डॉलर खर्चून. ती घरच्या घरातली थट्टा. मालेगावचा विणकर सुपरमॅनला ओळखतो, सुपरमॅन मात्र मालेगावला ओळखत नाही. माहिती एकाच बाजूला आहे. तो लोंबणारा नाडा ही एकतर्फी ओळख उघडी पाडतो: तुझा पोशाख आम्ही घातला, आता आमच्या धुळीत उडून दाखव.

महाराष्ट्राचंही तसंच. मालेगावला आपलं सगळं ठाऊक, आपल्याला मालेगाव ठाऊक ते ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ या दोन तारखांमुळे. पहिल्या तारखेला शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानात स्फोट झाले. गाव मृतांना दफन करत होतं आणि त्याच वर्षांत तिथली काही माणसं लोकांना हसवायच्या खटपटीत होती. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय त्या गावाची ओळख पुरी होत नाही. शफीक यांचं २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने निधन झालं. माहितीपट भारतातल्या थिएटरांत लागला तो २०१२ मध्ये.

उर्दू आणि मराठी शिकवताना मला याचं महत्त्व रोज जाणवतं. मुलाला थॅनॉस माहीत असतो, कधी फरहाद माहीत नसतो, तर कधी पेंद्या. थॅनॉस माहीत असण्यात काही वाईट नाही. पण ज्या मुलाला फरहाद आणि पेंद्या दोघेही ठाऊक आहेत, तो दोन्ही मोहल्ल्यांत सगळ्यांसोबत हसू शकतो. सोबत हसणाऱ्या माणसाला परका म्हणणं जड जातं. मालेगावने आपली अर्धी बाजू केव्हाच शिकून घेतली आहे, उरलेली अर्धी आपल्याकडे थकली आहे.