परांची

रबाळ्याच्या एमआयडीसीत ‘गाळा’ म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पत्रा, शटर, थ्री-फेजचं मीटर, पाण्याचा निचरा, सगळं आधीच ठरलेलं. यंत्र कुठे बसणार हे निम्मं तुम्ही ठरवता, निम्मं गाळा. नव्या पोरांना फ्रेमवर्क समजावताना मी हाच दाखला देतो. लायब्ररी म्हणजे पान्यांची पेटी, हवा तो पाना तुम्ही उचलायचा. फ्रेमवर्क म्हणजे गाळा. तिथे तुमचा कोड कुणाला हाक मारत नाही, त्यालाच हाक येते. अमेरिकेत याला हॉलिवूडचं तत्त्व म्हणतात: ऑडिशन देऊन घरी जा, गरज पडली तर आम्ही कळवू.

सॉफ्टवेअरच्या धंद्याने शब्द बांधकामावरूनच उचलले. फ्रेमवर्क म्हणजे सांगाडा. क्रेग मॅक्लॅनहनने 2000 साली जावासाठी आणलेल्या ‘स्ट्रट्स’चा अर्थ टेकू. ‘पॅटर्न’ हा शब्द तर वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडरचा. 1987 मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी तो कोडच्या कामात आणला. पण माझा लाडका शब्द ‘स्कॅफोल्ड’, म्हणजे आपली परांची.

तो घरोघर पोचवला ‘रेल्स’ या फ्रेमवर्कने. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हा डॅनिश तरुण शिकागोच्या 37सिग्नल्ससाठी ‘बेसकॅम्प’ बांधत होता. इमारत आधी उभी राहिली. तिच्यातला पुन्हा वापरता येईल असा सांगाडा सोडवून त्याने जुलै 2004 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. (त्याच वर्षी नोव्हेंबरात ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. रुळांचा हा नुसता योगायोग.) ‘जँगो’ असाच कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातमीच्या घाईत घडला, ‘रिअ‍ॅक्ट’ फेसबुकच्या घरच्या अडचणीतून. ‘चला, फ्रेमवर्क काढू’ म्हणून बसलेल्यांची फ्रेमवर्कं टिकलेली मी फारशी पाहिली नाहीत.

2005 मध्ये हॅन्सनने पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवला, तेव्हा खरी जादू एका ओळीची होती. ‘स्कॅफोल्ड’ म्हटलं की यादी, नवी नोंद, दुरुस्ती, खोडणं, सगळी पानं तयार. दिसायला ओबडधोबड, पण परांचीच ती. भिंत झाली की बांबू सोडायचे. लोकांनी परांचीलाच रंग दिला आणि राहायला गेले. डिसेंबर 2007 मध्ये रेल्स 2.0 ने ती एका ओळीची जादू काढून टाकली. आता परांची फाइलींत लिहून हातात येते. निदान काय बांधलंय ते दिसतं.

मोबाइलकडे मात्र एका परांचीने स्वतःच उतरून जायचं ठरवलं होतं. 2008 मध्ये व्हँकुव्हरच्या निटोबीने ‘फोनगॅप’ काढलं: वेबचाच कोड फोनच्या अ‍ॅपमध्ये बसवायचा. ब्राउझर पुरेसे शहाणे झाले की आमची गरज संपावी, हे त्यांचं उघड बोलणं. अ‍ॅडोबीने 2011 मध्ये कंपनी घेतली आणि 2020 मध्ये फोनगॅप बंद केलं. कोड मात्र अपाचीकडे ‘कॉर्डोव्हा’ या नावाने अजून आहे. हे नाव निटोबीच्या कचेरीसमोरच्या रस्त्याचं.

गाळ्याची सक्ती कुठवर जाते, ते आम्हाला एका शब्दाने शिकवलं. रेल्समध्ये क्लासचं नाव एकवचनी, तक्त्याचं अनेकवचनी, आणि वचनं इंग्रजी व्याकरणाची. ‘कामगार’चं ‘कामगार्स’ झालं, ते आम्ही हसून सोडलं. मग एकाने ग्राहकांच्या पत्त्यांसाठी रोमन लिपीत ‘पत्ता’ लिहून परांची मागवली. रेल्सला शेवटी ‘टा’ दिसला. त्याच्या नियमात हे लॅटिन: ‘डेटा’चं एकवचन ‘डेटम’. त्याने नम्रपणे इशारा दिला, हे अनेकवचन दिसतंय, एकवचन वापरतो, आणि ‘पत्तम’ नावाचा क्लास लिहून मोकळा झाला. इशारा कोण वाचतो?

सुधारायला एक ओळ पुरली असती. पण लक्षात येईपर्यंत त्या नावावर सतरा फाइली उभ्या होत्या आणि माल द्यायची तारीख शुक्रवारची होती. नवीन आलेली मुलगी परवा विचारत होती, हा पत्तम कोण, दक्षिणेकडचा ग्राहक का?