डोंगराच्या कुशीतील डोंगरी

उत्तरेस वसईची खाडी, दक्षिणेस मनोरीची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा पाण्याने वेढलेल्या या भूभागास आपले वाडवडील धारावी बेट म्हणत. मुंबईच्या मध्यावरील धारावी निराळी, हे आजच्या पिढीस सांगावे लागते. या बेटावरील डोंगराच्या कुशीत वसलेले म्हणून गावाचे नाव डोंगरी.

डोंगराने गावांची कामे वाटून दिली. समुद्राच्या अंगास असलेल्या उत्तन, पाली आणि चौक या गावांनी मासेमारी धरली. डोंगरी व तारोडी यांनी उतारावरील झिरपत्या पाण्यावर भातशेती केली. पूर्वेकडील मोर्वा, राई, मुर्धे या आगरी गावांनी खाडीकाठी मिठागरे फुलविली. दक्षिणेस गोराई व मनोरी. कोळ्याची मासळी, शेतकऱ्याचा भात आणि आगऱ्याचे मीठ यांवाचून एकाही घरची चूल पूर्ण होत नसे. धर्म निराळे असले तरी शेजार एकच होता.

या डोंगराचा दगड ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडलेला आहे. इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. पुढे तेथील देवळे व वाडे उभारताना याच डोंगरातील चिरे खाडीपार गेले. वसईच्या किल्ल्यातील भग्न कमानी पाहताना आम्हांस म्हणूनच परकेपणा वाटत नाही.

खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी ही उंची युद्धातही मोलाची ठरली. १७३७ मध्ये सुरू झालेल्या वसईच्या मोहिमेत चौक येथील धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे व पोर्तुगीज झुंजले. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. राज्ये बदलली, तरी डोंगरीतील बेथलेहेम मातेच्या नावाने प्रार्थना होतच राहिली.

परंतु जे युद्धाने झाले नाही, ते विकासाच्या ओघात होईल काय, अशी चिंता वाटते. मेट्रोच्या कारशेडसाठी या डोंगरावरील सुमारे १२,००० झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला, तेव्हा ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. तो केवळ झाडांसाठी नव्हता. डोंगर उघडा पडला तर पावसाचे पाणी मुरणार नाही आणि पायथ्याच्या विहिरी आटतील, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

चिरे गेले तरी डोंगर उरला होता. आता तो राखणे आपल्या हाती आहे. त्याची सुरुवात घरातूनच व्हावी. शेतांची, पाणवठ्यांची व वाटांची जुनी नावे वडीलधाऱ्यांना विचारून आपण लिहून ठेवू या. ज्या जागेचे नाव विसरले जाते, ती जागा परक्याच्या हाती सहज जाते.